ताप उतरला, पण मलेरिया गेला का? या चुका टाळा

एका जुलैत माझ्या धाकट्या भावाला मलेरिया झाला. रक्तात व्हायव्हॅक्सचे, म्हणजे मलेरियाच्या एका प्रकारचे, जंतू सापडले. क्लोरोक्विन सुरू झालं, तीन दिवसांत ताप उतरला आणि चौथ्या दिवशी तो डबा घेऊन कामावर गेला. प्रायमाक्विनच्या गोळ्या टीव्हीखालच्या खणात राहिल्या. दिवाळीची आवराआवर करताना त्या माझ्या हाताला लागल्या, तेव्हा तो शेजारच्या खोलीत दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होता. गोळ्या चालू आहेत ना, एवढं मी जुलैतच विचारायला हवं होतं.

व्हायव्हॅक्सचे जंतू दोन ठिकाणी असतात. रक्तातल्यांमुळे थंडी वाजून ताप येतो आणि क्लोरोक्विन त्यांनाच मारतं. काही जंतू यकृतात निपचित पडून राहतात. तिथे ते रक्ततपासणीत दिसत नाहीत, त्रासही देत नाहीत, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. त्यांच्यासाठी असतं प्रायमाक्विन, आपल्याकडे साधारणपणे १४ दिवस. नवा डास न चावताही मलेरिया उलटतो तो या यकृतातल्या जंतूंमुळे.

या गोळ्यांनी पोटात मळमळतं म्हणून पुष्कळ जण त्या सोडतात. जेवणानंतर घेतल्या तर त्रास बराच कमी होतो. औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो. डॉक्टरांना लगेच कळवा. मात्र प्रायमाक्विन सरसकट सगळ्यांना चालत नाही. गरोदर बाई आणि वर्षाच्या आतलं बाळ यांना ते देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. ती तपासणी करायची का, हे आधीच विचारा. गोळ्या चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना गाठा.

दुसरी चूक तपासणीआधीची. घरात उरलेली क्लोरोक्विनची गोळी ‘बघू तरी’ म्हणून घेतली जाते, रक्तातले जंतू कमी होतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रक्त आधी, औषध नंतर. तोवर तापासाठी पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन नको, कारण ताप डेंग्यूचाही असू शकतो. आणि एक निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे सुटका नव्हे. ताप चालूच असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त द्या. याच्या उलटही होतं: फाल्सिपेरमचे, म्हणजे मलेरियाच्या जास्त घातक प्रकाराचे, उपचार पूर्ण झाल्यावरही झटपट तपासणीची पट्टी काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली होणारी तपासणी मागा.

प्लेटलेट कमी दिसल्या की घरोघर डेंग्यू ठरतो आणि पपईच्या पानांच्या रसात दोन-तीन दिवस निघून जातात. प्लेटलेट मलेरियातही उतरतात. फाल्सिपेरम असेल तर हे दोन-तीन दिवस जिवावर बेततात, कारण तो मेंदू आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. असंबद्ध बडबड, गुंगी, झटके, धाप, कावीळ, किंवा पाणीही पोटात न टिकणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. आणि गडचिरोलीच्या जंगलभागात किंवा ओडिशा-छत्तीसगडकडे जाऊन आला असाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.

डासांच्या बाबतीत शहरात आपण गटारावर राग काढतो. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी वाढतो स्वच्छ साचलेल्या पाण्यात: गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात. टाकीला झाकण असतं, पण ते नीट बसत नाही, किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नसते. आमच्या इमारतीत नेमकं तेच होतं. धुराची फवारणी उडणारे डास मारते, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही.

हा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. गावाकडे औषध लावलेल्या मच्छरदाण्या मिळतात, त्या दर आठवड्याला धुतल्या आणि कडक उन्हात वाळवल्या की औषध लवकर उतरतं. सावलीत वाळवा, आणि अंगणात झोपणाऱ्यांसाठी बाहेरही बांधा. घरात भिंतींवर औषधाची फवारणी झाल्यावर लगेच त्या लिंपू-रंगवू नका. औषध भिंतीवर राहिलं तरच तिथे टेकणारा डास मरतो. सणासाठी घर सारवायचं असेल तर फवारणीची तारीख आशाताईंना आधी विचारून घ्या.