पेपरची लाइन घेताय? आधी ‘बंद’ लिहायला शिका

नवी लाइन, म्हणजे रोज पेपर टाकायच्या घरांचा पट्टा, हातात आली की पहिले पंधरा दिवस घरं पाठ करण्यातच जातात. जाऊ द्यात, तेच बरोबर आहे. पुरवण्या भरणं, गठ्ठा बांधणं, कुठल्या सोसायटीत सायकल आत सोडत नाहीत, हे सगळं अंगवळणी पडतं. वही मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही, आणि या धंद्यात पैसे मुरतात ते वहीतच. समजा 5 रुपयांच्या अंकामागे तुम्हाला दीड रुपया सुटतो. एक अंक अंगावर पडला तर साडेतीन रुपये गेले, म्हणजे दोनाहून जास्त घरांची त्या दिवसाची कमाई बुडाली. असे रोज दोन अंक जात असतील तर महिन्याला दोनशेच्या वर गेले, आणि कुठे गेले ते सांगताही येणार नाही.

सगळ्यात जास्त खड्डा पाडणारी नोंद म्हणजे ‘बंद’. गिऱ्हाईक गावाला जातं आणि जाता जाता सांगतं, ‘‘बारा ते अठरा बंद ठेवा.’’ तुम्ही वहीत लिहिता: ‘12 ते 18 बंद’. झाली चूक. अठराचा अंक टाकायचा की नाही? त्यांच्या मनात असतं, ‘अठराला सकाळी घरी पोचतोय, चहाबरोबर पेपर हवा.’ तुमच्या हिशेबात अठरासुद्धा बंद. जानेवारी 2026 घ्या: बारा तारखेला सोमवार, अठराला रविवार. तुमच्या वाचनाने 7 अंक बंद, त्यांच्या वाचनाने 6, आणि वादात सापडलेला तो एक अंक नेमका रविवारचा, पुरवण्यांचा, समजा सहा रुपयांचा. भांडण सहा रुपयांचं नसतं, रविवारी दार उघडल्यावर पेपर नसण्याचं असतं.

म्हणून ‘ते’ हा शब्द वहीत लिहूच नका. अठराही बंदच ठरला तर दोनच गोष्टी लिहा: ‘शेवटचा अंक 11, पुन्हा पहिला अंक 19’. आणि तोंडानेही तसंच विचारा: ‘‘अठराला सकाळी टाकू का?’’ लोक चिडत नाहीत, उलट बरं वाटतं त्यांना.

ही झाली अर्धी नोंद. उरलेली अर्धी डेपोवर, म्हणजे पेपर पुरवणारा एजंट पहाटे गठ्ठे वाटतो तिथे, असते. घराचा पेपर बंद झाला तरी एजंटकडची तुमची मागणी आपोआप कमी होत नाही. ती तुम्ही आदल्या दिवशी, एजंटने ठरवलेल्या वेळेच्या आत कळवावी लागते. बाराला पहाटे कुणी ‘आजपासून बंद’ म्हणालं तर तो अंक तुमच्या पिशवीत आलेला आहे, त्याचे पैसे लागलेले आहेत. तिथेच सांगा की आजचा धरावा लागेल, बंद उद्यापासून. लाजून गप्प बसलात तर तो अंक तुमच्या खिशातून गेला. आणि एका घराचा बंद, त्याच दिवशी दुसऱ्या घराचा नवा चालू, म्हणून मागणी तेवढीच राहिली, तरी दोन्ही नोंदी वेगवेगळ्या करा. नाहीतर महिनाअखेरीला नव्या घराचं बिल एक तारखेपासून लागतं.

‘चालू’ करायला विसरणं हे बंद विसरण्यापेक्षा वाईट. बंद विसरलात तर अंक जातो, चालू विसरलात तर गिऱ्हाईक जातं. तारखेची पानं असलेली खिशातली डायरी घ्या आणि बंद लिहितानाच 19 च्या पानावर ‘बी विंग 302 चालू’ लिहून टाका. विंग लिहाच. नुसतं 302 लिहिलेल्या वहीला चार विंगच्या सोसायटीत काही अर्थ नसतो. मोबाइलवरच्या निरोपांच्या भरवशावर राहू नका, असं माझं ठाम मत आहे. निरोप येऊ द्यात मोबाइलवर, पण त्याच दिवशी डायरीत उतरला नाही तर तो आलाच नाही असं धरा.

बिलाचं तुलनेने सोपं आहे, घाबरू नका. महिन्याचे दिवस, त्यातले रविवार आणि पेपर न निघालेले दिवस, एवढं आधी एका कागदावर मांडायचं. जानेवारी 2026 चे दिवस 31, रविवार 4. प्रजासत्ताक दिनाला पेपरची कार्यालयं बंद, म्हणून 27 ला अंक नाही. सुट्टी 26 ची आणि खाडा 27 चा, इथे नवखे हमखास फसतात. स्वातंत्र्यदिनाचंही तसंच, खाडा 16 ऑगस्टला. म्हणजे साधे अंक 26, रविवारचे 4. साधा 5 रुपये आणि रविवारचा 6 धरला तर 130 अधिक 24, एकूण 154. वरच्या बंदवाल्या घराचे 36 वजा, राहिले 118. घरपोच आकार वेगळ्या ओळीत, आणि बंदच्या दिवसांत तो कापणार की नाही हे लाइन घेतानाच ठरवून टाका. महिन्याच्या मध्ये किंमत बदलली तर दोन ओळी करा. ‘सगळ्यांना सरासरी दीडशे’ हा शॉर्टकट काही जुनी माणसं शिकवतील. ऐकू नका. हिशेब विचारणारं एक घर प्रत्येक इमारतीत असतं, आणि ते बाकीच्यांना सांगतं.

पावतीवर पैसे मिळाल्याची तारीख आणि बिलाचा महिना, दोन्ही हवं. जानेवारीचं बिल फेब्रुवारीत मिळतं, आणि नुसती तारीख असली की दोन महिन्यांनी तीच पावती फेब्रुवारीची म्हणून पुढे येते. चुकलेली पावती फाडू नका. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा. ऑनलाइन पैसे मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावाने येतात, तेव्हा दारातच व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घराच्या नावापुढे लिहून घ्या.

वार्षिक योजनेच्या, म्हणजे वर्षाचे पैसे आधीच भरलेल्या घरांना वहीत वेगळी खूण हवी. तिथे पैशांऐवजी कुपन मिळतं, त्यावर महिना छापलेला असतो, आणि ते मुदतीत एजंटकडे जमा केलं तरच तुमच्या खात्यात धरलं जातं. मुदत टळलेलं कुपन म्हणजे रद्दी. पैशांसारखं मोजून घ्या, मोजून द्या, जमा केल्याची सही घ्या.

डेपोवर गठ्ठा सोडून अंक मोजल्याशिवाय चलनावर सही करू नका. घाई असते, मागचे ओरडतात, ओरडू द्या. कमी आलेले अंक चलनाच्या दोन्ही प्रतींवर तिथल्या तिथे लिहून घेतले तरच भरपाईचं बोलता येतं. सकाळी सात वाजता फोन करून ‘चार कमी होते’ म्हटलं तर कुणी मानत नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

जुन्या लाइनवाल्याकडून रस्ता शिका, माणसं शिका, कुठला कुत्रा चावतो ते शिका. हिशेब मात्र त्याच्यासारखा डोक्यात ठेवायला जाऊ नका. त्याच्या डोक्यात वीस वर्षांची घरं आहेत आणि त्याची थकबाकी त्यालाही नीट माहीत नसते. लाइन ताब्यात घेताना त्याच्याकडून घरवार उधारी लिहून, सहीसकट घ्या, आणि एजंटकडे डिपॉझिट भरलं असेल तर त्या पावतीचा फोटो काढून ठेवा. कार्बनची प्रत पुसट होऊ शकते.