लहानपणी ब्लड कॅन्सर झाला होता? हिपॅटायटिस सी अशी तपासा

ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, उपचारात रक्त आणि प्लेटलेटच्या पिशव्या वारंवार चढवाव्या लागतात. भारतात दात्याच्या रक्ताची हिपॅटायटिस सी (यकृताला सूज आणणारा, रक्तातून पसरणारा विषाणू) चाचणी २००१ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी रक्त चढलं असेल तर तब्येत ठणठणीत असली तरी तपासणी कराच. नंतर चढलं असेल तरीही एकदा करावी, कारण दात्याला नुकताच संसर्ग झाला असेल तर तो चाचणीत निसटू शकतो.

आधी जुनी फाइल काढा आणि पहिली पिशवी कधी चढली ते डिस्चार्ज कार्डावर पाहा. मग अँटी-एचसीव्ही चाचणी करा, म्हणजे या विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी. उपाशी राहायची गरज नाही. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू आजही अंगात आहे असं नाही. अँटिबॉडी बरं झाल्यावरही राहते. म्हणून पुढे एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी व्हायरल लोड चाचणी, हवीच. बरेच जण नेमके अँटिबॉडी चाचणीवरच थांबतात.

उलट चूकही होते. केमो चालू असेल किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल, तर कधी कधी अँटिबॉडी तयारच होत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. अशांनी थेट आरएनए मागावी. एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यकृत आतून कडक होत असतानाही ते नॉर्मल येऊ शकतं.

विषाणू सापडलाच तर गोळ्यांचा कोर्स बहुधा १२ आठवड्यांचा असतो. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गोळ्या सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी तपासायला विसरू नका, तो दबलेला असेल तर उसळू शकतो. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करा.