निवाड्यांची ऑनलाइन लायब्ररी : लॉगिन बंद न पाडता कशी वापरायची

आमच्या बेळगावच्या वकिली ऑफिसात ज्युनिअर नवा आला की विचारतोच, "मॅडम, वर्षाची वर्गणी भरलीय की, मग पाहिजे तेवढे निवाडे उतरवायला काय हरकत?" हरकत करारात असते, आणि करार कुणी वाचत नाही. 'वाजवी वापरा'च्या कलमात बहुधा आकडाच नसतो. पद्धतशीर, घाऊक डाउनलोड चालणार नाही, एवढंच असतं. घाऊक कशाला म्हणायचं ते लायब्ररी चालवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि त्याला तुमची कोर्टाची तारीख कळत नाही, फक्त वेग कळतो. वेग जास्त दिसला की लॉगिन बंद.

तेव्हा शोधाचा निकाल आला की सगळ्या लिंका एकदम उघडू नका. हेडनोट, म्हणजे निवाड्याच्या वरचा सारांश, स्क्रीनवरच वाचा, सायटेशन (निवाडा कुठल्या वर्षाच्या कुठल्या खंडात, कितव्या पानावर तो संदर्भ) वहीत टिपा, युक्तिवादात खरंच लागणारे तेवढेच निवाडे उतरवा. ब्राउझरमध्ये लिंका आपोआप उघडणारं एक्स्टेन्शन असेल तर आधी काढून टाका.

"कायदा आपल्या बाजूनं आहे" असं इथं कुणीतरी म्हणतंच. आहे. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 52 कोर्टकामासाठी नक्कल करू देतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मूळ निवाडा सगळ्यांचा. निवाडे छापणाऱ्या संपादकानं पाडलेले परिच्छेद, घातलेले अंतर्गत संदर्भ ही भर मात्र त्याची. पण लॉगिन कराराचा मामला. कॉपीराइट न मोडताही करार मोडतो.

नुसता मूळ मजकूर हवा तर वर्गणीला हात लावू नका. सुप्रीम कोर्टाचे निवाडे ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाइन संग्रहावर 2023 पासून फुकट आहेत. धारवाड खंडपीठाचे कर्नाटक हायकोर्टाच्या साइटवर बघा.

आपल्याकडे खरी गरज जुन्या निवाड्यांची. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात. खानापूरकडचा वाटणीचा दावा असो की 1948 च्या मुंबई कुळकायद्यावरचा मुद्दा, तेव्हाचे मुंबई हायकोर्टाचे निवाडे हमखास निघतात. वर्गणी तिथं वापरायची, तीही दोन-चार दिवसांत विभागून. करारात मुभा असेल तर सायटेशनच्या नावानं फाइल जपून ठेवा, दुसऱ्याला परत काढावी लागत नाही.

चिकोडीचा मित्र पासवर्ड मागेल. द्यायचा नाही. एकच खातं दोन गावांतून एकाच वेळी उघडलं की संशय आलाच. रागावला तर रागावू दे, सायटेशन सांगा त्याला.

आणि खातं अडकलंच तर व्हीपीएन लावू नका, दुसऱ्या नावानं खातं काढू नका. कंपनीला साधा मेल लिहा : कुठल्या विषयाचा दावा, साधारण किती वाजता, किती फाइली. अशिलाचं नाव घालू नका. उद्याच तारीख असेल तर तेही लिहा आणि उत्तराची वाट बघत न बसता बारच्या, म्हणजे वकील संघाच्या, लायब्ररीत जाऊन एआयआरचे (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निवाडे) खंड काढा.