पडलं की पाडलं? मार बसलेल्या बाईला दवाखान्यात नेताना

इंदुरात एकतीस वर्षं नर्सिंग केलं. आता घरी असते, पण आमच्या लोकमान्यनगरात कुणाच्या सुनेला 'लागलं' की हाक मलाच येते. मी दर वेळी असेनच असं नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

आधी तिच्या आणि डॉक्टरांच्या मधून नवऱ्याला बाजूला करा. जळगावकडची एक नवी सून होती, हिंदी जेमतेम. काय झालं विचारल्यावर ती पुटपुटली, "पाडलं." नवरा हिंदीत म्हणाला, "गिर गई." केसपेपरवर तेच चढलं. फरक एका कान्याचा. तिथे मराठी कळणारी मी एकटी, आणि माझी ड्युटी संपली होती म्हणून गप्प राहिले. ते अजून खुपतं.

त्याच्याशी वाद घालू नका. "लघवी तपासायची आहे, बरोबर बाईमाणूस लागेल," म्हणायचं आणि तिला आत न्यायचं. सासू, नणंद दुभाष्या म्हणून नकोत. शाळेत हिंदी शिकलेलं पोर हाताशी असतं, पण तेही नको. आईचा मार त्याच्या तोंडून वदवायचा नाही.

माझी भाची केनियात ददाबच्या निर्वासितांच्या छावणीत नर्स होती. 1991 पासून युद्धातून पळालेली सोमाली माणसं तिथे येत गेली. सरपणाला छावणीबाहेर जाणाऱ्या बायकांवर बलात्कार होत. ती सांगायची, दुभाषी ओळखीच्या कुळातली निघाली की बाई तोंड मिटून घ्यायची. बोलणं बाहेर गेलं तर कुळातले वडीलधारे बसून 'मसलहा', म्हणजे आपसात तडजोड, करत, भरपाई ठरे, ती पुरुषांच्या हाती जाई, आणि बाईला विचारायचं राहूनच जाई. आपली 'मसलत' त्याच अरबी शब्दातून आलेली. तेव्हा दोन्हीकडच्या काकांना दिवाणखान्यात बसवून चहा पाजू नका. तिनं मागितलं तरच.

दवाखान्यात सरळ सांगा, "एमएलसी करा," म्हणजे मेडिको-लीगल केस, दुखापतीची कायदेशीर नोंद. तिचे शब्द तारखेसकट मराठीतच लिहून घ्या, लिपी तीच, हिंदीवाल्यालाही वाचता येते. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात, फोटो तेव्हाही काढा.

बलात्कार असेल तर 72 तासांच्या आत पोचा, कारण एचआयव्ही टाळायची औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात. अंघोळ नको, कपडे कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. अंघोळ झाली असेल, उशीर झाला असेल, तरी जाच. उपचार सरकारी-खाजगी कुठेही मोफत द्यावेच लागतात, आणि "आधी एफआयआर आणा" म्हणून परत पाठवता येत नाही.

जिवावर बेतलं असेल तर 112. एरवी 181, ही बायकांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास. तिथून सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता लागतो. तात्पुरतं, पाचेक दिवस, राहताही येतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडे, 15100 वर, बाईला उत्पन्नाची अट नाही. फौजदारी तक्रार करायची नसली तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. नांदतं घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहायचा हक्क मागता येतो. हे तिला सांगाच, कारण "घर आमचं आहे" ही धमकी पहिली असते.

"सोडत का नाहीस?" हे विचारू नका. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवा. आणि फोन कधी करायचा हे तिच्याकडून ठरवून घ्या. त्या जळगावच्या मुलीनं मला दुपारी तीनची वेळ दिली होती, सासू झोपल्यावरची, आणि माझा नंबर 'शिलाईवाली' नावानं ठेवला होता.