दक्षिण महासागराच्या गाळातील डायटम वाचताना या चुका टाळा

डायटम म्हणजे काचेसारख्या सिलिकाचे कवच असलेली सूक्ष्म एकपेशी शैवाले; गाळातल्या त्यांच्या कवचांवरून पूर्वीचा समुद्र आणि बर्फ ओळखतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या गाळात त्यांतली फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुलेन्सिस ही जात इतकी मुबलक सापडते की वरच्या पाण्यात तिचेच राज्य असावे असे वाटते. पहिली गफलत इथेच होते. समुद्राचे पाणी सिलिकाने संपृक्त नसते, त्यामुळे पेशी मेली की कवच विरघळू लागते. जगभरच्या समुद्रांत डायटम जेवढी सिलिका घडवतात, तिच्यापैकी जेमतेम ३ टक्के तळाच्या गाळात कायमची उरते. केर्गुलेन्सिसचे कवच जाड, म्हणून ती तगते; समुद्री बर्फालगत वाढणाऱ्या कर्टा आणि सिलिंड्रस या तिच्या नाजूक भावंडांचा वाटा मात्र घटतो. कवचावरची छिद्रे रुंदावलेली आणि कडा झिजलेल्या दिसल्या तर तशी नोंद करा. अशा नमुन्यात कर्टा सापडली नाही, म्हणून तिथे बर्फ नव्हता असे म्हणता येत नाही.

नाजूक जाती समुद्रात वाचल्या तरी प्रयोगशाळेतल्या बेसिनमध्ये जातात. साधारण अर्धा ग्रॅम कोरडा गाळ ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने साफ केल्यावर धुण्याची घाई नको. सिलिंड्रसची रुंदी २ ते ४ मायक्रॉन. १० सेंमी पाण्यातून तळाशी यायला तिला रात्रभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तासाभरात वरचे पाणी ओतलेत तर बर्फाचा पुरावाच ओतलात. स्लाइड नॅफ्रॅक्स या राळेसारख्या माध्यमात बसवा. कॅनडा बाल्सम या दुसऱ्या माध्यमाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचे माप) सिलिकाच्या फार जवळचा असल्याने बारीक रेषा पुसट दिसतात.

मोजणीतली सर्वांत महागडी चूक किटोसेरॉस या डायटमच्या सुप्त बीजाणूंची (प्रतिकूल काळ काढण्यासाठी बनलेल्या जाड कवचाच्या पेशींची). अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ ते बाकी सगळ्यांना झाकून टाकतात. ४०० कवचांपैकी ३४० बीजाणू निघाले तर उरली ६०, आणि त्यांत एकेक कवच १.७ टक्क्यांचे! कर्टा व सिलिंड्रस मिळून ३ टक्क्यांच्या वर गेल्या की हिवाळी समुद्री बर्फ धरण्याचा प्रघात आहे. इथे दोन कवचांवरच निकाल लागेल. बीजाणू वेगळे मोजा आणि ते वगळून ३०० ते ४०० पूर्ण करा. तुटलेले कवच अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तरच धरा. थॅलॅसिओथ्रिक्ससारख्या लांबलचक जातींची फक्त टोके मोजून दोनाने भागा.

गाळात ओपल (कवचांची सिलिका) जास्त म्हणजे वर डायटमचे पीक जास्त, हे समीकरणही फसवे. दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर, पण लोहाचा तुटवडा. पुरेसे लोह असताना डायटम सिलिका आणि नायट्रोजन साधारण १:१ प्रमाणात घेतात. उपासमारीत हे प्रमाण २ ते ३ पट होते. पेशी तेवढ्याच, कवच मात्र जाड. म्हणून ओपलचा आकडा एकटा वापरू नका, सोबत सेंद्रिय कार्बन आणि जातींची यादी ठेवा.

नमुन्यांची तुलना अक्षांशावरून करू नका. ध्रुवीय सीमा (थंड अंटार्क्टिक पाणी आणि उत्तरेचे त्याहून उबदार पाणी जिथे भेटते ती रेषा) अटलांटिकमध्ये साधारण ५०° दक्षिणेला, तर पॅसिफिकमध्ये ६०° च्या आसपास असते. ५५° वरचे दोन नमुने दोन निराळ्या पाण्यांतले असू शकतात.

आणि आजच्या तापमानाशी किंवा बर्फाशी ताळा जुळवायचा असेल तर गुरुत्व कोअररने (स्वतःच्या वजनाने गाळात घुसणाऱ्या नळीने) काढलेल्या नमुन्याचा माथा घेऊ नका, कारण कोअरर आत घुसताना वरचे काही सेंटिमीटर उधळले जातात. त्या कामाला वरचा थर न विस्कटता उचलणारा मल्टीकोअरर किंवा बॉक्स कोअररच हवा.