सातबाऱ्यावरील हेक्टर-आरचे एकर-गुंठे कसे काढावेत

जमिनीचा व्यवहार आपण एकर-गुंठ्यांत बोलतो; सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहिलेले असते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी एकर काही लोकांच्या तोंडातून गेला नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

प्रथम उताऱ्यावरचा आकडा नीट वाचावा. ‘१.२४.५०’ म्हणजे १ हेक्टर, २४ आर आणि ५० चौरस मीटर. हेक्टर दहा हजार चौरस मीटरचा व आर शंभर चौरस मीटरचा असल्याने हे क्षेत्र १२,४५० चौरस मीटर झाले. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) वेगवेगळे दाखवलेले असतात, तेव्हा आपण एकूण क्षेत्राचाच आकडा घेतला आहे ना, हे तपासावे. बिनशेतीच्या उताऱ्यावर एकक आर-चौरस मीटर असते, तेथील ‘२.५०’ म्हणजे अडीच हेक्टर नव्हे, तर अवघे अडीचशे चौरस मीटर.

आता चौरस मीटरच्या आकड्याला १०१.१७ ने भागावे, की गुंठे मिळतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फुटांचा तुकडा; असे चाळीस गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एकर होतो. (अस्सल देशी वाटणारा गुंठाही असा इंग्रजी फुटांवरच उभा आहे.) वरील उदाहरणात भागाकार १२३.०६ येतो, त्यातून तीन एकरांचे १२० गुंठे वजा केले, की ३ एकर ३ गुंठे आणि वर सुमारे ६५ चौरस फूट उरतात.

खरी गफलत होते ती आर आणि गुंठा एकच मानल्याने. याच जमिनीचे १२४.५ आर हे गुंठे म्हणून धरले, तर घेणारा जवळजवळ दीड गुंठ्याचे, म्हणजे दीड हजार चौरस फुटांहून अधिक जागेचे पैसे फुकट मोजतो. ‘चाळीस आर म्हणजे एकर’ हेही तसेच. ते भरतात ३९.५४ गुंठे.

दुसरी गफलत टिंबाची. एकर-गुंठ्यांत लिहिलेले ‘३.२०’ म्हणजे साडेतीन एकर, कारण टिंबापुढची मोजणी चाळिसाची असते. कॅल्क्युलेटर ती शंभराची समजतो आणि बारा गुंठे गिळतो. यासाठी दराने गुणण्याआधी सगळ्याचे गुंठेच करावेत: तीन चोक बारा, म्हणजे १२०, अधिक २०, एकूण १४०.