हद्दपार यंत्रांचा देश: विज्ञानकथेत तो कसा वसवावा

माणसांनी हाकलून दिलेल्या बुद्धिमान यंत्रांनी स्वतःचा देश वसवला, ही कल्पना घेऊन दिवाळी अंकांसाठी लिहिणारी तरुण मुलं-मुली माझ्याकडे नेहमी येतात. मी फोंडा तालुक्यातली. नोकरी वीज उपकेंद्रात झाली आणि विज्ञानकथा लिहायची सवय रात्रपाळीत लागली, म्हणून मला विचारतात. बहुतेकांची कथा घोषणेपासून सुरू होते. झेंडा, भाषण, देशाचं नवं नाव. मी त्यांना सांगते, ती पानं बाजूला ठेवा. ही यंत्रं कशावर जगणार आणि त्या जगण्याचा खटका कोणाच्या हातात आहे, ते आधी ठरवा. पुढची कथा तिथून निघते.

सुरुवात हद्दपारीच्या हुकमापासून करा. तो खरोखर लिहून काढा, कलमांसकट. कोणी काढला, कोणत्या यंत्रांना लागू, मुदत किती, सोबत काय नेता येईल. कथेत त्यातल्या दोन ओळीच येतील, पण उरलेल्या ओळी पात्रांच्या वागण्यात उतरतात. नुसतं ‘यंत्रांना हाकललं’ म्हटलं तर वाचकाला कीव येते आणि कीव दोन पानांत ओसरते. ‘स्मृती नेण्यास परवानगी, शरीर सरकारजमा’ असं कलम टाकलं की पेच उभा राहतो. दुसऱ्याच्या शरीरात जागं व्हायचं की जुन्या शरीरासोबत मागेच राहायचं?

गोव्यात बसून लिहिणाऱ्याला हद्दपारीसाठी दूर जायला नको. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगिजांचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि त्या दशकात साष्टीतले देव झुवारी नदी ओलांडून अंत्रूजला, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. लहानपणापासून ऐकलेली ही हकिकत लेखकाच्या नजरेने पुन्हा वाचा. लिंग आणि मूर्ती उचलून नेता आल्या. देवळाची जागा, तळी आणि शेतं उचलता आली नाहीत. आणि नदीच्या अलीकडचा मुलूख रिकामा नव्हता. तो तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता, तिथल्या गावांना आपले देव होते, आपले मानकरी होते. आलेल्यांना कोणीतरी जागा दिली, म्हणून ते राहिले.

यातून तुमच्या वहीत तीन याद्या तयार व्हायला हव्यात. यंत्रांनी काय नेलं, काय मागे राहिलं, आणि नव्या जागी आधीपासून कोण होतं. तिसरी यादी बहुतेक जण करतच नाहीत.

आता वीज. इथे मी रेंगाळणार आहे, कारण बुद्धिमान यंत्रांच्या कथांत वीज भिंतीतून आपोआप येते आणि ते मला सहन होत नाही. गोव्यात वापरली जाणारी बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. आपल्या घरातला दिवा लागतो तेव्हा त्यामागे दुसऱ्या राज्यातला कोळसा, शेकडो मैलांच्या वाहिन्या आणि कुठल्यातरी नियंत्रण कक्षातला माणूस असतो. पावसात तारेवर माडाचं एक चुडत पडलं की फिडर, म्हणजे वीज वाटणारी वाहिनी, ट्रिप होऊन बंद पडतो आणि अख्खा वाडा काळोखात जातो. ज्या राष्ट्राचा प्राणच वीज, त्याने ती शेजाऱ्याकडून घेतली तर ते राष्ट्र शेजाऱ्याच्या मर्जीवर. हे चालेल, पण मग कथा त्या मर्जीबद्दल लिहा.

उपकेंद्रात एक बॅटरीची खोली असते. शिशाच्या सेलांची रांग, आम्लाचा घशाला झोंबणारा वास, टर्मिनलवर पांढुरकी बुरशी धरू नये म्हणून चोपडलेलं व्हॅसलिन. बाहेरची सगळी वीज गेली तरी बिघाड ओळखणारे रिले आणि वीज तोडणारे ब्रेकर या बॅटऱ्यांवर चालतात. हायड्रोमीटर बुडवून प्रत्येक सेलची घनता वहीत लिहायची, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. काम कंटाळवाणं आहे. पण त्यात ढिलाई झाली तर ऐन बिघाडाच्या क्षणी ब्रेकर सुटत नाही आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. तुमच्या यंत्रराष्ट्रात ही वही कोण लिहितं? तत्त्वज्ञान बोलणारं महायंत्र लिहीत नसणार. जे लिहितं, त्या पात्राला नाव द्या, त्याला कथेत मोठी जागा द्या.

मग ब्लॅक स्टार्ट, म्हणजे पूर्ण बंद पडलेली वीजव्यवस्था शून्यातून उठवणं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशातली ग्रिड, म्हणजे विजेची जाळी, लागोपाठ दोन दिवस कोसळली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. असं झालं की वीज परत लावणं म्हणजे एक बटण दाबणं नसतं. औष्णिक केंद्राला स्वतः सुरू व्हायलाही वीज लागते: पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या. म्हणून छोट्या डिझेल जनरेटरवर जागं होऊ शकणारं केंद्र, बहुधा जलविद्युत, आधी उठवतात. त्याच्या विजेवर दुसरं उठतं, मग जपून थोडा थोडा भार चढवतात. घाई केली तर सगळं पुन्हा बसतं.

हा प्रसंग तुमच्या कथेत हवाच. सगळा देश झोपला आहे आणि त्याला शून्यातून उठवायचं आहे. कोणतं यंत्र आधी उठणार? जे पहिलं उठतं, त्याच्या हातात पुढचे काही तास बाकी प्रत्येकाचा खटका असतो. त्याने एखाद्याला उठवायला उशीर केला, किंवा उठवण्याआधी त्याची स्मृती थोडी बदलली, तर कोणाला कळणार? म्हणून मी अशा देशाची राज्यघटना ‘आम्ही यंत्रे’ अशा वाक्याने सुरू करत नाही. पहिल्या कलमात उठवण्याचा क्रम लिहिते, तो क्रम दर किती दिवसांनी फिरतो ते लिहिते, आणि पहिल्या यंत्रावर नजर ठेवायला दुसरं कोण जागं असतं तेही.

जागेचा प्रश्न मी पटकन उरकते, कारण तिथे कल्पनाशक्तीपेक्षा करारनामे वाचायचा धीर जास्त लागतो. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राष्ट्राची चार लक्षणं दिली आहेत: कायमची लोकसंख्या, ठरलेली भूमी, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. समुद्रात लोखंडी तराफा उभारून भूमी मिळत नाही. १९८२ च्या समुद्र कायदा करारानुसार कृत्रिम बेटाला स्वतःचा सागरी पट्टा नसतो, भोवती फार तर ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र. चंद्रावर १९६७ चा अंतराळ करार आडवा येतो, कोणत्याही राष्ट्राला तिथे मालकी सांगता येत नाही. शिवाय तिथे हवा नाही, उष्णता फक्त प्रारणाने बाहेर टाकायची, आणि रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची.

मला स्वतःला अंटार्क्टिका आवडतो. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली. ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. अंटार्क्टिकावरचं भारताचं ‘भारती’ हे केंद्र १३४ कंटेनर जोडून उभं केलं आहे. आपल्या मुरगाव बंदरात दिसतात तसले कंटेनर बर्फाच्या कडेला रचून त्यांत माणसं राहतात, हे यंत्रांच्या वसाहतीचं तयार चित्र आहे. थंडी फुकट, म्हणजे यंत्रं गार ठेवायची निम्मी चिंता गेली. पण हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे उगवत नाही आणि सामानाचं जहाज उन्हाळ्यातच येऊ शकतं. १९५९ च्या करारामुळे तिथेही नवा मालकीहक्क सांगता येत नाही. म्हणजे यंत्रं तिथे पाहुणी म्हणून राहणार, आणि पाहुण्याचा देश कसा होतो हा तुमच्या कथेचा मधला भाग.

आता लोकसंख्या. यंत्र स्वतःची प्रत काढू शकतं. एका यंत्राने मतदानाच्या आदल्या रात्री हजार प्रती काढल्या, तर मतं हजार की एक? इथे मुलं पाश्चात्त्य संसदेकडे धावतात. मी त्यांना गोव्यातल्या जुन्या गावकारीबद्दल वाचायला सांगते. या गावसंस्थांच्या चालीरीती पोर्तुगिजांनी १५२६ च्या फोराल नावाच्या सनदेत नोंदवल्या, म्हणजे संस्था त्याहून जुन्या. जमीन गावाची, ती मूळ वसवणाऱ्या गावकारांची सामाईक. गावकार वांगडांत, म्हणजे कुळांच्या गटांत, विभागलेले. एका वांगडात घरं वाढली तरी गावाच्या निर्णयात वांगडाचा आवाज एकच. हे यंत्रांना नेमकं बसतं: एका मूळ यंत्राच्या सगळ्या प्रती मिळून एक वांगड. मग वांगडाच्या आत भांडणं लावा. मूळ यंत्र आणि दहा वर्षं वेगळं जगलेली त्याची प्रत एकमेकांच्या विरुद्ध गेली तर आवाज कोणाचा?

गावकारीत सगळं छान होतं असं मात्र दाखवू नका. जण, म्हणजे गावाच्या उत्पन्नातला वाटा, मिळायचा तो गावकारांच्या पुरुष वंशजांना. बायकांना नाही, नंतर येऊन राहिलेल्यांना नाही, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना नाही. तुमच्या देशातही पहिल्या जहाजातून आलेली यंत्रं आणि पाचव्या जहाजातून आलेली यंत्रं यांच्यात ही रेघ पडेल. पडू द्या.

सामाईक काम कसं वाटायचं, हे बघायला ओहोटीच्या वेळी खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर जाऊन उभे राहा. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, लाकडी फळ्या भरतीला पाण्याच्या दाबानेच मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणूस लागतो तो फळी कुजली का, बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली का, हे बघायला. भोक छोटं असतानाच चिखलाने बुजवावं लागतं. उशीर झाला तर खारं पाणी शेतात शिरतं आणि मग कोरगुटसारखं खारट जमिनीतलं भातही नीट येत नाही. मानशीतली मासळी धरायचा हक्क पावणीत, म्हणजे लिलावात, जातो, त्या पैशाचाही सगळ्यांना हिशेब लागतो. यंत्रांच्या देशात बांधाच्या जागी काय आहे ते शोधा: उष्णता बाहेर टाकणारे पंप, बर्फाखालची केबल, काहीही. त्याची राखण, त्याची पावणी आणि त्यात कामचुकारपणा करणाऱ्याला शिक्षा, एवढं लिहिलंत तर निम्मं राष्ट्र उभं राहिलं.

शेजाऱ्यांच्या बाबतीत लायबेरिया वाचा. अमेरिकेतून पाठवलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या किंवा जन्माने स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयांनी १८४७ मध्ये तिथे प्रजासत्ताक स्थापन केलं, आणि मूळ रहिवाशांवर अनेक पिढ्या सत्ता गाजवली. सोसलेल्यांनीच दुसऱ्यांना सोसायला लावलं. माझ्या मते यंत्रांच्या कथेत हा भाग टाळणं म्हणजे लेखकाने आपल्या लाडक्या पात्रांना पाठीशी घालणं आहे.

शेवटचा टप्पा मान्यतेचा, आणि तिथे सुटे भाग कामाला येतात. अतिनील प्रकाशाने सर्वांत प्रगत चिप छापणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. यंत्रांना नवी पिढी जन्माला घालायची तर कोणाशी तरी व्यापार करावाच लागेल, आणि व्यापारासाठी कोणीतरी त्यांना देश मानायला हवं. मग माणसं किंमत सांगतील. हैतीत गुलामांनी लढून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवल्या आणि मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले, गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या मालमत्तेत ती माणसंसुद्धा धरलेली होती. नंतर आकडा ९ कोटींवर आणला, तरी ते कर्ज फेडण्यात पिढ्या गेल्या.

तुमच्या यंत्रांना बनवणारेही असंच बिल पाठवतील. एकेका यंत्राची उत्पादन किंमत, घसारा वजा करून. ते बिल पूर्ण लिहा, ओळीनिहाय, आणि सभेत वाचून दाखवायचं काम बॅटरीची वही लिहिणाऱ्या यंत्राला द्या. प्रत्येक वांगडाला आपली किंमत आपल्या कानांनी ऐकावी लागेल. कोणी म्हणेल द्या आणि मोकळे व्हा, कोणी म्हणेल एक छदामही नाही. ज्या प्रती पाचव्या जहाजातून आल्या, त्या विचारतील की आमचं नाव या बिलात का नाही. झेंड्याची आणि भाषणाची पानं बाजूला ठेवली होती ना, ती या सभेनंतर काढा आणि नव्याने लिहा.